दुर्बीण घ्यायची तर आठची घ्या, आणि आधी तिचं वजन करा

५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर सलीम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो, आणि त्या आठवड्यात माझा फोन वाजायला लागतो. कुणीतरी पहिल्यांदाच पहाटे उठून वेताळ टेकडीवर गेलेलं असतं, शेजारच्याच्या दुर्बिणीतून वेडा राघू पाहिलेला असतो आणि आता स्वतःची दुर्बीण हवी असते. "ताई, कुठली घेऊ?" हा प्रश्न मला आवडतो. पण त्याचं उत्तर फोनवर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

मी पुण्यातल्या एका कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत ३१ वर्षं साहाय्यक होते. स्पेक्ट्रोमीटरची जुळणी, लोलक आणि भिंगं पुसणं, पावसाळ्यानंतर कुठल्या काचेवर बुरशी धरली ते तपासणं हे माझं काम. पक्षी बघायला लागून बावीस वर्षं झाली. चष्मा आहे, आणि गेली दहा वर्षं मानेचं दुखणंही आहे. माझा सल्ला या सगळ्यातून आलेला आहे.

माझी पहिली दुर्बीण १०×५० होती. म्हणजे दहा पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ५० मिलिमीटर व्यासाचं. काउंटरवर हातात घेतली तेव्हा भारदस्त वाटली, आणि भारदस्त म्हणजे चांगली असं मी धरून चालले. तिचं वजन किलोला थोडंसंच कमी होतं. मार्चमधल्या एका रविवारी आम्ही सिंहगडाच्या पायथ्याच्या झाडीत गेलो होतो. साडेनऊला माझी मान अशी भरून आली की मी दुर्बीण काढून पाठपिशवीत ठेवली. दहाच्या सुमाराला ओढ्यातल्या डबक्यावर स्वर्गीय नर्तक आला, पांढराशुभ्र नर, लांब शेपटीचा. पाण्यात बुडी मारली, फांदीवर बसला, पुन्हा बुडी मारली. मी पिशवीची चेन उघडेपर्यंत तो गेला होता. त्या दिवसापासून मी वजनाला पहिला नंबर देते. दुर्बीण सकाळी साडेसहाला किती छान दाखवते यापेक्षा दहा वाजता ती गळ्यात असते की पिशवीत, हे मला महत्त्वाचं वाटतं.

म्हणून दुर्बिणीच्या माहितीपत्रकात सगळ्यात आधी ग्रॅमचा आकडा शोधा. ८×४२ दुर्बिणी साधारण ६०० ते ७५० ग्रॅमच्या असतात, ८×३२ साधारण ४५० ते ५५०. ऐकायला हा फरक किरकोळ वाटतो. घरी एक साधा प्रयोग करा: पावणेदोनशे ग्रॅम साखरेची पुडी एका पिशवीत घाला, पिशवी गळ्यात अडकवा आणि तासभर घरातली कामं करा. त्या दोन प्रकारांमधला फरक जवळपास एवढाच आहे, आणि तो मानेला चांगला कळतो. मान धडधाकट असेल तर ७०० ग्रॅमपर्यंत जायला हरकत नाही. माझ्यासारखी कुरकुरणारी असेल तर ५५० च्या आत राहा. काहीही घेतलं तरी गळ्याचा अरुंद पट्टा काढून टाका आणि पाठीवर फुलीसारखा जाणारा खांद्यांचा पट्टा लावा. मग भार मानेवरून खांद्यांवर जातो, आणि वाकून चालताना दुर्बीण पोटावर आपटतही नाही.

आता पटीकडे येऊ. सगळ्यात जास्त वाद इथेच होतात.

माझं आजोळ भोरकडचं. थोरले मामा शिकार करायचे. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि त्यांची रायफल कायमची बंद झाली. त्या रायफलीवर चार पटींची एक छोटी, हलकी दुर्बीण बसवलेली होती. याहून मोठी का नाही लावली, असं मी लहानपणी एकदा विचारलं. ते म्हणाले, "झाडीत जनावर दोन श्वास उभं राहतं. तेवढ्यात ते काचेत सापडायला हवं. मोठी लावली की नुसती पानंच मोठी दिसतात." जनावर मारायला शोधणाऱ्या माणसाचं हे वाक्य मला पक्षी बघताना रोज उपयोगी पडतं. झाडीत शोधाशोध करणाऱ्याला कमी पटीची, हलकी आणि दणकट काच लागते. रायफलीवर चार पट पुरत होती, हातातल्या दुर्बिणीला आठ पुरते.

त्यामागचा हिशेब सोपा आहे. दुर्बिणीवर बहुधा अंशांत लिहिलेलं असतं की तिला एका वेळी किती रुंद दृश्य दिसतं. चांगल्या आठ पटीच्या दुर्बिणीत ते ८ अंशांच्या आसपास असतं, दहा पटीच्यात पुष्कळदा ६ अंशांच्या जवळ. समजा बाभळ तुमच्यापासून २० मीटरवर आहे. ८ अंशांची दुर्बीण त्या बाभळीचा २.८ मीटर रुंद तुकडा दाखवेल, ६ अंशांची २.१ मीटरचा. क्षेत्रफळ काढलंत तर पहिली पावणेदोन पट जास्त झाड दाखवते. वटवट्या किंवा चष्मेवाला यांसारखा चिमुकला पक्षी दर दोन सेकंदांनी फांदी बदलतो. तो कुठल्या दुर्बिणीत आधी सापडेल ते उघड आहे.

दुसरी गोष्ट हात. दहाची दुर्बीण पक्ष्यासोबत तुमच्या हाताचा कंपही दहा पटीने मोठा करते. टेकडी चढून दम लागलेला असताना दहातून धोबी पक्ष्याच्या भुवईची पांढरी रेघ बघून बघा. ती रेघ नाचत राहते. आठात ती जवळजवळ थांबते. पिसांचे बारकावे स्थिर चित्रातच कळतात, त्यामुळे प्रत्यक्षात आठात जास्त दिसतं असा माझा अनुभव आहे.

इथे हमखास कुणीतरी भिगवणचं नाव काढतं. उजनीच्या पाणलोटात रोहित पक्षी लांब उथळ पाण्यात उभे असतात, तिथे दहा हवीच, असं म्हणतात. काठावरून बघताना दहाचा थोडा फायदा होतो, हे मला मान्य आहे. पण कुंभारगावहून होडीत बसलात की होडी डुलते, आणि मग आठच बरी वाटते. खरोखर लांबचे पट्टकादंब मोजायचे असतील, तुतारी पक्ष्यांच्या जाती ओळखायच्या असतील, तर हातातली कुठलीच दुर्बीण पुरत नाही. त्याला तिपाईवरची वीस ते साठ पटीची एकनळी दुर्बीण लागते, आणि गटात ती एकाकडे असली तरी सगळ्यांचं भागतं.

पट बदलणारी, म्हणजे झूमची दुर्बीण मात्र कुणीही घेऊ नये. आत हलणारे भाग वाढतात, दोन्ही नळ्या एकसारख्या जुळलेल्या राहत नाहीत, दृश्य अरुंद होतं. माझ्या भाचीने अशी एक ऑनलाइन मागवली. दहा ते तीस पट, वरून लाल चकाकणाऱ्या काचा. लाल चकाकी म्हणजे लाल उजेड काच परत फेकते आहे, डोळ्यापर्यंत येऊच देत नाही. त्यातून निखार पक्षी बघितला तर त्याच्या छातीचा शेंदरी रंगच मरून जातो. भाचीने ती दुर्बीण तिसऱ्या आठवड्यात कपाटात ठेवून दिली, आणि पक्षी बघणंही सोडलं. दुसऱ्या गोष्टीचं मला अजून वाईट वाटतं.

दुसरा आकडा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास. त्याला पटीने भागा. ४२ भागिले ८ म्हणजे ५.२५ मिलिमीटर. डोळ्याकडच्या भिंगातून बाहेर पडणारा उजेडाचा झोत एवढ्या रुंदीचा असतो. ८×३२ मध्ये तो ४ मिलिमीटर, आणि खिशात मावणाऱ्या १०×२५ मध्ये फक्त अडीच. आपल्या डोळ्याची बाहुली भर उन्हात दोन-तीन मिलिमीटर असते, अंधारात तरुणपणी सात मिलिमीटरपर्यंत उघडते, साठीच्या आसपास पाचच्या पुढे सहसा जात नाही. म्हणजे दुपारी तिन्ही दुर्बिणी सारख्याच उजळ वाटतील. पहाटे पाषाण तलावावर धुकं असताना, ताम्हिणीच्या गर्द झाडीत, किंवा संध्याकाळी घुबड शोधताना १०×२५ अंधारी पडते. तिचा झोत इतका बारीक असतो की डोळा जरा सरकला तरी काळी सावली येते. माझ्या वयाच्या माणसांना ४२ च्या पुढे जाऊन काही मिळत नाही, फक्त वजन वाढतं. मी स्वतः ८×३२ वापरते. घरात एकच दुर्बीण असेल आणि चौघं वापरणार असतील तर ८×४२ घ्या.

चष्मा असेल तर आणखी एक आकडा बघायला विसरू नका. डोळा भिंगापासून किती लांब ठेवूनही पूर्ण गोल दृश्य दिसतं, ते अंतर मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं. मामांच्या रायफलीवरच्या दुर्बिणीत ते आठ-नऊ सेंटिमीटर असायचं, कारण गोळी सुटताना दणका मागे येतो आणि भुवई फुटू शकते. आपल्या दुर्बिणीत चष्मेवाल्यांना १६ मिलिमीटर तरी हवं. डोळ्याकडचे रबरी कप फिरवून खाली बसतात ना, तेही पाहा. चष्मा लावून बघताना कप खाली, चष्मा नसेल तर वर.

आता आतल्या रचनेबद्दल. दणकटपणा तिथे ठरतो.

दुर्बिणीचे दोन घाट. एक जुना, खांदे बाहेर आलेला, त्याला पोरो म्हणतात. इग्नाझिओ पोरो या इटालियन माणसाने ही लोलकांची मांडणी १८५४ साली पेटंट केली. दुसरा सरळ नळ्यांचा, त्याला रूफ म्हणतात, कारण त्यातल्या लोलकाची एक बाजू घराच्या आढ्यासारखी असते. पोरो बनवायला सोपी, त्यामुळे कमी पैशात उजळ आणि स्वच्छ चित्र देते. पण फोकसचं चाक फिरवलं की बहुतेक पोरोंमध्ये डोळ्याकडची भिंगं आतबाहेर सरकतात, आणि प्रत्येक वेळी बाहेरची हवा, धूळ, दमट वाफ थोडी थोडी आत शिरते. शिवाय पडली तर आतला लोलक जागचा हलण्याची भीती जास्त. रूफमध्ये फोकस आतल्या आत होतो, त्यामुळे ती नीट बंद करता येते. चांगल्या रूफमध्ये रबरी कड्यांनी सांधे बंद करून आत कोरडा नायट्रोजन भरतात, म्हणून गारठ्यातून दमट हवेत आल्यावर आतून वाफ धरत नाही.

रूफ महाग का, तेही सांगते, कारण प्रयोगशाळेतल्या माणसाला ही गोष्ट फार सुंदर वाटते. आढ्यावर उजेड दोन भागांत विभागला जातो आणि पलीकडे पुन्हा एकत्र येतो. एकत्र येताना दोन्ही भागांच्या लहरी एकमेकींशी जुळत नाहीत, आणि चित्र किंचित मऊ, फिकट होतं. १९८८ साली झाइसने लोलकावर असा एक पातळ थर द्यायला सुरुवात केली की त्या लहरी पुन्हा जुळतात. त्याला फेज कोटिंग म्हणतात. माहितीपत्रकात हे दोन शब्द नसतील तर ती रूफ घेऊ नका. शिवाय बहुतेक रूफच्या लोलकात एका बाजूला आरसा लागतो. तो साध्या अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर उजेड वाया जातो, चांदीचा बरा, डायइलेक्ट्रिक म्हणजे धातूऐवजी पातळ थरांचा सगळ्यात चांगला. तो ९९ टक्क्यांहून जास्त उजेड परत पाठवतो.

भिंगांच्या कोटिंगचंही तसंच आहे. कोऱ्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के उजेड मागे फिरतो. दुर्बिणीच्या एका नळीत असे दहा पृष्ठभाग असले तर तिसरा हिस्सा उजेड वाटेतच संपतो. 'फुली मल्टिकोटेड' असं लिहिलेलं असेल तर प्रत्येक पृष्ठभागावर अनेक थर आहेत असा अर्थ. नुसतं 'कोटेड' म्हणजे कुठेतरी एखादा थर. शब्द नीट वाचून घ्या.

माझं मत असं: हात आखडता असेल आणि तुम्ही ऑक्टोबर ते मे एवढंच फिरणार असाल, तर साधी ८×४० किंवा ८×४२ पोरो घ्या. ऑलिंपसची ८×४० पोरो मी कितीतरी जणांच्या गळ्यात वर्षानुवर्षं पाहिली आहे. सातशे ग्रॅमच्या आसपास जाते, पण चित्र प्रसन्न. स्वस्तातली रूफ घेण्यापेक्षा ही कितीतरी बरी. पावसात ताम्हिणीला जायचं असेल, मुलं हाताळणार असतील, तर थोडं थांबा, पैसे साठवा आणि फेज कोटिंग असलेली, नायट्रोजन भरलेली रूफ घ्या. पाण्यापासून बचावाची खूण म्हणून आयपीएक्स-७ लिहिलेलं असतं. एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिली तरी पाणी आत जात नाही असा त्याचा अर्थ.

दुकानात गेलात की काउंटरवरून समोरची भिंत बघू नका. दुर्बीण घेऊन बाहेर रस्त्यावर या. लांबच्या इमारतीची गच्ची, विजेची तार किंवा आढं असं काहीतरी सरळ आडवं शोधा. त्यावर फोकस करा आणि दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू वीतभर लांब न्या. दोन्ही गोलांमधली आडवी रेघ एका पातळीत राहिली पाहिजे. एकीकडे वर, एकीकडे खाली दिसली, तर नळ्या जुळलेल्या नाहीत. अशी दुर्बीण तासभर वापरली की डोकं ठणकतं आणि दोष आपण डोळ्यांना देतो. त्याच मॉडेलचा दुसरा नग मागा, दुकानदाराला संकोच न करता सांगा.

मग दुर्बीण हातभर लांब, उजळ आकाशाकडे धरा. सूर्याच्या दिशेला नको, सूर्याकडे तर कधीच नको. डोळ्याकडच्या भिंगात उजेडाची छोटी टिकली दिसेल. ती पूर्ण गोल आणि कडेपर्यंत उजळ असेल तर आतला लोलक बीएके-४ या चांगल्या प्रतीच्या काचेचा असण्याची शक्यता जास्त. पोरोमध्ये कडा चौकोनी कापल्यासारख्या, करड्या दिसल्या तर काच हलक्या प्रतीची आहे. त्यानंतर पांढऱ्या आकाशासमोरची काळी तार बघा. कडेला जांभळी-हिरवी झालर जितकी कमी तितकं भिंग चांगलं. असल्या उजेडात बसलेला कोतवाल पक्षी पुढे तुम्हाला अशाच झालरीसकट दिसणार आहे. शेवटी बिजागरी. ती उघडमीट करताना घट्ट हवी, सैल असेल तर दर वेळी डोळ्यांमधलं अंतर पुन्हा जुळवावं लागेल. फोकसचं चाक मागेपुढे फिरवताना मध्ये रिकामं फिरता कामा नये. हिवाळ्यात हातमोजे घालून फिरवून बघा, असं मी नाशिकच्या मैत्रिणीला सांगते. पुण्यात त्याची गरज नाही.

फुलपाखरंही बघत असाल तर जवळात जवळ किती अंतरावर फोकस होतो ते विचारा. दोन मीटर असेल तर उत्तम. पोरो सहसा चार-पाच मीटरच्या आत येत नाहीत.

घरी आणल्यावर पहिलं काम: डोळ्यांना जुळवून घेणं. आपले दोन डोळे सारखे नसतात. उजवं पुढचं भिंग हाताने झाका, लांबची पाटी डाव्या डोळ्याने बघत मधल्या चाकाने स्पष्ट करा. मग डावं झाका, आणि मधलं चाक न हलवता उजव्या डोळ्याकडचं कडं फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. त्या कड्यावरची खूण लक्षात ठेवा. दोन मिनिटांचं हे काम न केल्यामुळे "दुर्बीण खराब निघाली" म्हणून माझ्याकडे आलेल्या निम्म्या दुर्बिणी चांगल्या असतात.

पुसताना पदर, ओढणी, रुमाल काहीही वापरू नका. टेकडीवरची धूळ म्हणजे बारीक दगडच, आणि कोरड्या कापडाने ती कोटिंगवर ओरखडे काढते. आधी रबरी फुग्याने हवा मारा, मग मऊ ब्रश, आणि तरी डाग राहिला तरच काच पुसायचं द्रव लावलेला मऊ कागद. मधून कडेकडे, हलक्या हाताने.

पुण्यातला दुर्बिणीचा खरा शत्रू जून ते सप्टेंबरमध्ये येतो. चामड्याच्या किंवा कापडी पेटीत, बंद कपाटात ठेवलेल्या दुर्बिणीवर गणपतीपर्यंत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसायला लागते. ती वाढताना आम्ल सोडते, आणि कोटिंगवर उमटलेला डाग मग बुरशी पुसली तरी जात नाही. जुन्या बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या दुर्बिणी घ्यायच्या आधी म्हणूनच पुढच्या भिंगातून टॉर्च मारून आत बघा. पावसाळ्यात मी माझी दुर्बीण घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवते. डब्यात एक छोटा आर्द्रतामापक टाकलेला असतो. काटा ४० ते ५० च्या मध्ये राहिला की मी निर्धास्त. निळे दाणे ओल शोषून गुलाबी होतात आणि तापवले की पुन्हा निळे. त्या निळ्या रंगात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी आहे, म्हणून स्वयंपाकाच्या कढईत तापवू नका. केशरी दाणे मिळतात, ते कोबाल्टविना असतात आणि ओलीने हिरवे होतात. ते घ्या. पावसाळ्यात भिजून आलात तर दुर्बीण लगेच डब्यात बंद करू नका. टिपून घ्या, रात्रभर पंख्याखाली टेबलावर ठेवा, आणि सकाळी बाहेरची ओल पूर्ण गेली की मग झाकण लावा.